गळ्यातला जकात नाका

भजन संपलं की बाकीची मंडळी चहाकडे वळायची आणि हिराबुवा तलावाकडे. पखवाजाच्या डाव्या अंगाला लावलेली ओली कणीक ते नखाने खरवडून काढायचे, तिची गोळी करून मुठीत धरायचे आणि देवळामागच्या तलावाच्या पायरीवर जाऊन बसायचे. कणकेचा एकेक कण पाण्यात पडला की खालून मासे वर यायचे. ते तोंडं उघडून येणारे मासे बुवा अगदी टक लावून पाहायचे. मी एकदा विचारलं, "काका, माशांना काय घालता? गाईला घाला, पुण्य लागेल."

"गायीला मी कवा खाल्ला नाय गो," ते म्हणाले. "यांना खाल्लाय. पयले मी त्यांना खाल्ला, आता ते माजा खातान. बरोबर झाला ना?"

आमचं गाव डोंबिवलीच्या पूर्वेला, शीळ रस्त्याच्या आत. गाव म्हणायचं ते आता सवयीने. चारी बाजूंनी टॉवर उभे राहिलेत आणि मधे आमचं देऊळ, तलाव आणि दोन-चार आळ्या उरल्यात. पण आम्ही आगरी माणसं, आमची जीभ अजून खाडीकाठीच राहते. पावसाळ्यात चिवणी, हिवाळ्यात निवट्या, आणि काहीच मिळालं नाही तर सुकट. अशा घरातला माणूस गळ्यात तुळशीची माळ घालतो तेव्हा नुसते मासे सोडत नाही, आईच्या हाताची चव सोडतो. हे बाहेरच्यांना सांगून कळत नाही. माळकरी माणसाला आमच्यात मान मिळतो तो म्हणूनच.

हिराबुवांचा मान तर जास्तच, कारण त्यांनी सोडलं होतं तेही जास्त. तरुणपणी ते एमआयडीसीतल्या एका कंपनीत फिटर होते आणि पगाराच्या दिवशी कुठल्या गटारातून त्यांना उचलून आणायचं हे गावातल्या पोरांना पाठ होतं. शेवटी त्यांची बायको, गोमाकाकी, कंटाळून माहेरी, खडवलीला निघून गेली. त्यानंतरच्या सप्ताहात बुवांनी माळ घातली आणि थेट सासरवाडीच्या अंगणात जाऊन उभे राहिले. काकी बाहेर आली. तिने माळ पाहिलीच नाही. आधी जवळ येऊन त्यांच्या तोंडाचा वास घेतला, मग माळेला हात लावून पाहिलं आणि मग आत जाऊन आपली पिशवी भरली. ही गोष्ट काकी स्वतः हसत हसत सांगायची आणि बुवा शेजारी बसून नव्या नवरीसारखे लाजायचे.

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. गळ्यातल्या माळेला अंगठा लावून म्हणायचे, "यो जकात नाका हाय. वरना खाली काय जायाचा ते इचारून, आणि खालना वर काय यायाचा ते पन इचारून." म्हणजे खाणं आणि बोलणं, दोन्ही माळेला विचारून. कंपनीत कुणी सही मारून पळायला सांगितलं तरी म्हणायचे, "नाक्यावर सोडत नाय रं." लोक हसायचे. पण हिराबुवांनी एखादी गोष्ट सांगितली की ती पुन्हा कुणाला विचारायला जात नसत.

आमच्या आप्पांच्या गळ्यातही माळ होती. आप्पा म्हणजे माझे वडील, भजनी मंडळाचे अध्यक्ष, विणेकरी. गोरे, उंच, पांढरा सदरा कडक इस्त्रीचा. भजनात वीणा घेऊन उभे राहिले की गावातल्या बायका लांबूनच हात जोडायच्या. आणि आमच्या घरात मासे तळायचे असले की आई आधी मागचं दार लावायची. "मुलांसाठी करतेय," ती शेजारी ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची. आप्पांच्या ऑपरेशननंतर अंगात ताकद यावी म्हणून तिने एकदा त्यांना कालवण दिलं होतं. ताकद आली, पण कालवण काही बंद झालं नाही. आतल्या खोलीत, भिंतीकडे तोंड करून आप्पा जेवायचे. आम्हा भावंडांना कुणी गप्प राहायला सांगितलं नव्हतं. अशा गोष्टी घरात सांगाव्या लागत नाहीत. मी लग्न होऊन ठाण्याला, माजिवड्याला आले, बँकेत नोकरीला लागले, तरी माहेरी गेले की ते लावलेलं दार पाहून मान आपोआप खाली जायची.

तर या दोन माळकऱ्यांची ही गोष्ट.

हिराबुवांचं काहीतरी बिघडलंय हे आधी त्यांच्या चपलांनी सांगितलं. ते देवळात यायचे ते एका पायात चप्पल घालून. दुसरी वाटेत कुठेतरी पडलेली असायची आणि त्यांना पत्ताच नसायचा. पोरं चप्पल शोधून आणून द्यायची आणि त्यांच्या पाठीमागे डोळा मारायची. मग बोटं चुकायला लागली. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात ठेका सोडला नव्हता, त्याची थाप कडेवर पडायला लागली. आणि मग एका एकादशीला ते पडलेच. अभंग रंगात आला होता, बुवा गळ्यात पखवाज अडकवून उभे होते, नेहमीसारखे डोळे मिटले आणि दुसऱ्या क्षणी आडवे होऊन आप्पांच्या अंगावर कोसळले. वीणेची खुंटी तुटली. आप्पांनी बुवांकडे जे पाहिलं ते मंडळातल्या सगळ्यांनी पाहिलं.

त्यानंतर बुवा डोळे उघडे ठेवून वाजवायला लागले. मला ते फार विचित्र वाटलं. गाणाऱ्यांच्या चेहऱ्यांवर, दाराच्या चौकटीवर, कुठेही नजर रोवून वाजवायचे, जणू काही नजर हटली की कुणी मारणार आहे. मी विचारलं तेव्हा आधी टाळाटाळ केली. मग तलावाच्या पायरीवर बसल्या बसल्या, माझ्याकडे न बघता म्हणाले, "डोले मिटलं का देव ढकलते गो. उघडं असतान तवर काय नाय. त्याचा ध्यान केला का ढकलते. माजा कायतरी चुकलाय."

"काय चुकलंय?"

"त्येच कलत नाय. शोधतंय."

मी बँकेत बसणारी बाई. मी म्हटलं, चष्म्याचा नंबर बदलला असेल, बीपी बघून घ्या. त्यांनी मान डोलावली. पण ज्या माणसाला वाटतंय की देवाने आपल्याला नाकारलं, तो बीपी बघायला थोडाच जाणार.

माझ्या धाकट्या भावाची हळद आली. आमच्याकडे हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठी. पुढच्या मांडवात बँड, मटणाचे टोप, टेबलाखालच्या बाटल्या, आणि मागे शाळेच्या पडवीत माळकऱ्यांची वेगळी पंगत. तिची चूल वेगळी, वाढपी वेगळे, पाण्याचं पिंपही वेगळं. आप्पा यजमान, म्हणून ते दोन्हीकडे फिरत होते. बुवा मागे जेवून पुढे यायला निघाले. मधल्या बोळात दिवा नव्हता. काळोखात पाय कुठे पडतोय ते त्यांना कळेना. धडपडत, भिंत चाचपत ते उजेडात आले, एका पायात चप्पल, आणि नेमके हळदीची गाणी म्हणणाऱ्या बायकांच्या मधोमध जाऊन पडले.

"बुवा पन आज टाईट!" कुणीतरी ओरडलं. सगळा मांडव खो खो हसला. बँडवाल्यांनी वाजवणं थांबवलं.

बुवा उठायला बघत होते, पण उठता येईना. आणि जितके धडपडत तितके जास्त प्यायलेले दिसत. आप्पा पुढे आले. "हिरा, तू प्यायलायस?"

"नाय, आप्पा."

"मग उभा राहा नीट."

ते उभे राहिले आणि झोकांडी गेली. पुन्हा हशा. तेवढ्यात काकी गर्दीतून आली. तिने बुवांचा दंड धरला, आणि मग एवढ्या लोकांसमोर तिने वाकून त्यांच्या तोंडाचा वास घेतला. आणि बुवांनी तोंड उघडलं. लहान मूल औषधाला उघडतं तसं. "वास नाय येत," काकी म्हणाली, पण तिचा आवाज तिलाच खरा वाटत नव्हता, आणि ते बुवांना ऐकू गेलं. आजही तो मांडव आठवला की मला तो हशा आठवत नाही, ते उघडलेलं तोंड आठवतं.

आप्पांनी तिथेच निकाल दिला. "माळेची इज्जत राखायला पाहिजे. गुरुवारी देवळात ये आणि माळ देवापुढे ठेव." आप्पांच्या तोंडातून हे शब्द येत होते आणि त्याच दुपारी मागचं दार लावलेलं मी पाहिलं होतं. आईने माझ्याकडे पाहिलं नाही, मी तिच्याकडे पाहिलं नाही.

बुवा भांडतील असं मला वाटलं होतं. ते भांडले नाहीत. गुरुवारी आले, माळ काढून देवाच्या पायाशी ठेवली, आणि पखवाज कोपऱ्यात ठेवून भिंत धरून घरी गेले. त्यांना वाटत होतं, गावाने जे केलं ते देवाच्याच मनातलं होतं. आपण काय केलं ते आपल्याला कळत नाही एवढंच.

यानंतर ते घराबाहेर पडेनासे झाले. काकी रोज संध्याकाळी त्यांचा वास घ्यायची आणि ते रोज तोंड उघडायचे. मग एका सकाळी काकीचा मला फोन आला. "अगो, आता मोरीत परलं. तोंड धुताना. सकाल सकाली कोन पितंय गो? मी त्यांच्या बाजूलाच व्हती. साबन लावला, डोले मिटलं आणि धडाम." ती रडत होती. "तू ठाण्याला रातेस. एखादा मोठा डॉक्टर बघ."

मोठा डॉक्टर ठाण्यापर्यंत शोधायची गरज नव्हती. आमच्याच आळीतला निलेश, गावातला पहिला एम.डी., डोंबिवलीत दवाखाना चालवतो. मी रजा टाकली आणि दोघांना घेऊन गेले. निलेशने बुवांना पाय जुळवून उभं केलं आणि डोळे मिटायला सांगितले. बुवा घाबरून म्हणाले, "देव ढकलंल." निलेश म्हणाला, "ढकलू दे, मी धरतो." बुवांनी डोळे मिटले आणि सरळ निलेशच्या अंगावर गेले. मग त्याने एक लोखंडी काटा काढला, दोन दातांचा, हातावर आपटला की घुमतो तसला. तो घुमता काटा बुवांच्या पायाच्या अंगठ्याच्या हाडावर टेकवला. "काय लागतंय?"

बुवा कान देऊन ऐकत राहिले. "आयकू येतंय. काली दोनच्या वरचा सूर हाय. पन लागत नाय काय."

"घोट्यावर?"

"नाय."

"गुडघ्यावर?"

"हां. हितं थोरा थोरा."

जन्मभर कातड्यावर घुमारा काढणाऱ्या माणसाला स्वतःच्या हाडावरचा घुमारा कळत नव्हता. बुवा त्या काट्याकडे बघत राहिले.

रक्ताचा रिपोर्ट आला तेव्हा निलेशने दोघांना समोर बसवून समजावलं. बी-बारा नावाचं एक जीवनसत्त्व असतं. नसांवर जे वेष्टण असतं, वायरवर रबर असतं ना तसं, ते या जीवनसत्त्वावर टिकतं. रक्तही त्यावरच तयार होतं. ते भाजीत नाही, डाळीत नाही, भातात नाही. मासे, मटण, अंडी यांत असतं, दुधात थोडं असतं. शरीर ते यकृतात साठवून ठेवतं आणि वर्षानुवर्षं पुरवून पुरवून वापरतं. साठा संपला की नसा उघड्या पडतात. "बुवा, देव ढकलत नाही. तुमच्या पायांचा निरोप डोक्यापर्यंत पोचत नाही. पाय जमिनीवर कुठे आहेत ते डोळे बघून सांभाळून घेतात. डोळे मिटले किंवा काळोख झाला की सांगणारं कुणी उरत नाही, म्हणून पडता. चप्पल सुटलेली कळत नाही तीही त्याचमुळे. दूध घेता?"

"पोटाला सोसत नाय. कोरा चा पितंय."

"मासे कधी सोडले?"

"माळ घातली तवा."

निलेशने रिपोर्टची घडी घातली. तोही गावचाच, त्यालाही हळदीची गोष्ट पोचली होती. मग म्हणाला, "काकी, यांनी चोरून एखादी सुकट जरी अधूनमधून खाल्ली असती ना, तर रिपोर्ट इतका खाली गेला नसता. यांनी माळ अगदी हाडापर्यंत पाळलीय."

काकीने पदर तोंडाला लावला. "मी वास घेतला रं," ती म्हणाली. "रोज वास घेतला." बुवा तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले, हात नीट लागतोय की नाही ते डोळ्यांनी बघत बघत. मग निलेशला विचारलं, "म्हंजे आता माशे खायाला लागतील?"

"नाही. इंजेक्शनं घ्यायची. मग गोळ्या."

"सुईत मासा नाय ना?"

निलेश हसला. हे औषध कारखान्यात जंतूंकडून बनवून घेतात, दह्याला विरजण लावतात तसं, त्यात मासा नाही, असं त्याने सांगितलं. "मंग चालंल," बुवा म्हणाले आणि बाही वर केली.

गावात बातमी पोचायला वेळ लागला नाही. आप्पांनी देवापुढची माळ उचलून बुवांच्या हातात दिली. "चुकलं" हा शब्द मात्र त्यांच्या ओठांवर आला नाही. आप्पांना तो कधी येत नाही. पण बाकीचे माळकरी मात्र घाबरले. ज्याच्या त्याच्या पायांना मुंग्या यायला लागल्या. शेवटी निलेशने देवळाच्या सभामंडपात शिबिर घेतलं आणि सगळ्या मंडळाचं रक्त नेलं. अध्यक्ष म्हणून पहिला हात आप्पांनी पुढे केला. रक्तात काय काय दिसतं याची त्यांना कल्पना नव्हती. मला होती. मी आईला फोन केला, ती म्हणाली, "आता काय करायचं?" मी म्हटलं, "काही नाही." त्या आठवड्यात मी बँकेत दोनदा चुकीची एन्ट्री केली.

रिपोर्ट आले त्या रविवारी मी मुद्दाम गावी गेले. निलेश टेबल टाकून बसला होता आणि सगळे त्याच्याभोवती कोंडाळं करून. कुणाला खासगीत सांगण्याची पद्धत आमच्याकडे नाही. नाव घेतलं की त्याच्याआधी शेजारीच "काय, काय निघाला?" विचारतो. एकाचं कमी, दुसऱ्याचं काठावर, तिसऱ्याचं फारच कमी. मग निलेश कागद बघून सहज म्हणाला, "वा, आप्पा! तुमचं तर पंचविशीतल्या पोरासारखं आहे. गोळ्या घेता का?"

"नाही," आप्पा म्हणाले.

"मग असं कसं?" निलेश बोलून गेला, आणि बोलल्यावर त्याच्या लक्षात आलं. त्याने कागद पालथा ठेवला. पण उशीर झाला होता. मागून कुणीतरी गमतीत म्हणालं, "आप्पा माशे खात असतील!" दोघे-तिघे हसले. मग हसू विरलं, कारण आप्पांचा चेहरा सगळ्यांना दिसत होता. तो पांढराफटक पडला होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला माझा बाप म्हातारा दिसला. खांबाशी आई उभी होती, ती आणखी खांबामागे सरकली. मला वाटलं, आता इथे जमीन दुभंगली तर बरं.

तेव्हा हिराबुवा बोलले. खाली बसले होते, काठी मांडीवर. "अरे, त्यांचा कशाला कमी व्हईल? ही पोरगी ठाण्यावरना बापासाठी दूध, पनीर, काय काय आनते. मी सोता बघलाय. डॉक्टर बोललं ना, दुधात पन असते. कोरा चा पिनारा मीच येडा." आणि मग माझ्याकडे वळून, "आनतेस ना गो?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी आप्पांसाठी ठाण्याहून कधी लिमलेटची गोळीही नेली नव्हती. ज्याला माझ्या बापाने भर मांडवात नागवं केलं, तो माझ्या बापाच्या अंगावर पांघरूण घालत होता, आणि त्याचं एक टोक मला धरायला सांगत होता. मी म्हटलं, "हो, आणते." निलेशने लगेच पुढचं नाव पुकारलं.

लोकांना पटलं की नाही देव जाणे. आमचं गाव इतकं भोळं नाही. पण हिराबुवांनी सांगितल्यावर पुन्हा विचारायचं नाही ही सवय होती, आणि त्या दिवशी ती सवय आमच्या घराच्या कामी आली.

मी त्यांच्यामागे तलावावर गेले. ते पायरीवर बसून माळेवरून अंगठा फिरवत होते. मी नुसतीच रडले. ते म्हणाले, "आज नाक्याला चुकवून एक गाडी काढली गो. माळ घातल्यापासना पयलीच."

"का काढलीत, काका? त्यांनी तुमचं काय केलं ते विसरलात?"

"नाय इसरलो. म्हनून तर काढली." पाण्याकडे बघत म्हणाले, "मान खाली घालून सगल्यांच्या मधी उभा रावाचा, त्ये काय असते ते मना म्हाईत हाय. त्ये कुनाला नको." मग जरा वेळाने, "आता तू एक कर. माजा खोटा खरा कर. बापासाठी दूध आन, पनीर आन. म्हंजे मी थोराच खोटा परलो असा व्हईल."

तेव्हापासून मी दर खेपेला माजिवड्याच्या नाक्यावरच्या डेअरीतून पनीर घेऊन जायला लागले. आप्पांना पनीर अजिबात आवडत नाही. रबर चावल्यासारखं वाटतं म्हणतात. पण माझ्या हातातली पिशवी दिसली की खाली मान घालून ताटावर बसायचे आणि शेवटच्या तुकड्यापर्यंत खायचे. आई वाढायची, मी बघायचे. मागचं दार नंतर लावलेलं असायचं की उघडं, ते मी पुन्हा कधी पाहिलं नाही. मला बघायचं नव्हतं.

इंजेक्शनांनी बुवांचा थकवा गेला, बोटं बरीच ठेक्यावर आली. पाय मात्र पूर्ण आले नाहीत. निलेश म्हणाला, आधी आणलं असतं तर आले असते. ते बसून, डोळे उघडे ठेवून वाजवत राहिले. असंच एकदा एकादशीच्या भजनात अभंग अगदी टिपेला गेला आणि बुवा काठीवर भार देऊन उठायला लागले. लोक "बसा, बसा" म्हणायला लागले. आप्पांनी वीणा शेजारच्याच्या गळ्यात घातली, बुवांच्या मागे जाऊन उभे राहिले आणि दोन्ही हातांनी त्यांची कंबर धरली. "मिट डोळे," म्हणाले. बुवांनी मान वळवून एकदा आप्पांकडे पाहिलं आणि डोळे मिटले. तो अभंग संपेपर्यंत आप्पांनी हात सोडले नाहीत. घामाने त्यांची इस्त्री पार मोडली होती.

हिराबुवा गेले ते झोपेतच. काकी म्हणाली, सकाळी चहाला उठवायला गेले तर डोळे मिटलेले आणि चेहरा अगदी निवांत. तिने सवयीने वाकून तोंडाजवळ नाक नेलं, आणि मग तिला कळलं.

वर्ष सरल्यावर त्यांच्या चुलत नातवाची हळद होती. तसाच पुढे मांडव, तशीच मागे माळकऱ्यांची पंगत. या वेळी मधल्या बोळात दिवा लावला होता. मी पनीरची पिशवी घेऊन आप्पांना शोधत मागे गेले. त्यांचं पान मांडलेलं होतं, पण ते तिथे नव्हते. पुढे आले तर आप्पा मटणाच्या पंगतीत, सगळ्यांच्या मधोमध बसलेले. गळ्यात माळ नव्हती. सकाळीच त्यांनी ती देवळात नेऊन ठेवली होती, कुणी न सांगता. आजूबाजूची माणसं जेवायची थांबली होती. कुणी हसत नव्हतं, पण सगळे बघत होते.

"आप्पा, इथे काय करताय?" मी हळू आवाजात म्हटलं.

"हिरा होता तोवर त्याला खोटं पाडता येत नव्हतं, पोरी," ते पानाकडे बघत म्हणाले. "आता माझ्या जागेवर बसू दे."

गोमाकाकी रश्श्याची बादली घेऊन येत होती. आप्पांच्या पानाशी ती थांबली. तिने त्यांच्या उघड्या गळ्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "वाढू का भावजी?"

"वाढ," आप्पा म्हणाले. त्यांची मान वर झाली नाही. काकीने वाढलं आणि पुढे गेली. मी पिशवी खुर्चीखाली ठेवली आणि त्यांच्या शेजारचं पान माझ्याकडे ओढून घेतलं.